गाडी थंड दाखवा

जुन्या गाड्यांचे विक्रेते तिला पाठीमागे 'ताप' म्हणत. तोंडावर मात्र ताई. तोंडावर दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. वय पंचावन्न, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत टॉर्च, पक्कड आणि चार पाने, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. वडिलांच्या मागे त्यांचं गॅरेज तिनेच सांभाळलं. जुनी गाडी घ्यायची म्हटलं की लोक आधी तिला सोबत न्यायचे. ती रंग बघायची नाही, सीट दाबायची नाही. गाडी कधी तापून बंद पडली होती का, एवढंच तिला हवं असायचं. "बाकी सगळं दुरुस्त होतं," ती म्हणायची. "एकदा तापून इंजिनाचं वरचं झाकण, ते हेड, वाकलं, की वरून कीर्तन, आतून तमाशा."

त्या दिवशी तिला एका नर्सबाईने नेलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हे तिचं काम. निम्मे पेशंट वस्तीपासून लांब, आडरस्त्याला. स्कूटरने कंबर धरली म्हणून ती छोटी गाडी बघत होती. ताईने तिला बजावलं होतं की विक्रेत्याला आधीच फोन कर, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका म्हणावं.

दोघी पोचल्या. ताईने बोनेटला हात लावला आणि लगेच उचलला.

"गाडी कुणी चालवली?"

"आत्ताच धुवायला काढली होती, ताई," विक्रेता म्हणाला. गुळगुळीत दाढी, अंगाला अत्तराचा भपका.

"धुवायला इंजिन तापवावं लागतं?"

"आता आलाच आहात तर बघून तरी घ्या."

"बघणारच आहे. थंड झाल्यावर."

तिने गाडी सावलीत घ्यायला लावली, बोनेट उघडं ठेवलं आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून समोर ठाण मांडलं. दोनदा चहा आला, दोनदा परत गेला. तासामागून तास गेले तशी नर्सबाई चुळबुळायला लागली.

"ताई, आवाज तर छान होता गाडीचा. रंगही मला आवडलाय."

"तू पेशंटचा ताप त्याचं पांघरूण बघून ठरवतेस का?"

नर्सबाईने आपली खुर्ची ताईशेजारी ओढली.

चौथ्या तासाला ताईने इंजिनावर तळवा ठेवला. आता हात निवांत टिकत होता. मग तिने चावी फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही. समोरच्या पट्टीवरचा तापमानाचा काटा टुणकन अर्ध्यावर जाऊन बसला. इंजिन गार पडलेलं, काटा खाली असायला हवा होता. कुणीतरी वायरीत हात घालून तो कायमचा अर्ध्यावर बांधला होता. गाडी तापलेली असती तर हे कधीच कळलं नसतं, आणि म्हणूनच ती तापवून ठेवली होती.

ताईची कानशिलं तापली, पण हात सावकाश चालले. रेडिएटरचं झाकण काढून तिने आतून बोट फिरवलं. बोटाला तपकिरी, कचकचीत चिखल लागला. गळती बुजवायला टाकतात ती पावडर होती. झाकण उघडं ठेवूनच तिने गाडी चालू केली. पाणी थंड होतं, तरी भात शिजताना येतात तसे बुडबुडे वर येऊ लागले.

"बघ," ती नर्सबाईला म्हणाली. "इंजिनातला गॅस पाण्यात शिरतोय. ही गाडी पूर्वी सपाटून तापलीय. हेडखालचं गॅस्केट गेलंय, हेडही वाकलं असणार. आज ना उद्या रस्त्यात उकळून बसेल."

मग तिने पाण्याच्या पाइपांवर टॉर्च मारला आणि तिथेच थबकली. पाइपांच्या सगळ्या क्लिपांचे स्क्रू वर तोंड करून, एका ओळीत लावलेले होते, पुढच्या माणसाचा पाना सहज पोचावा म्हणून. ही बाबांची शिस्त. आता ती पाळणारी दोनच माणसं उरली होती. एक ती. दुसरा तिचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी तिचं गॅरेज सोडून याच विक्रेत्याकडे लागलेला. मी इथे फक्त ब्रेकचं काम बघतो, असं त्याने तिला सांगितलं होतं.

ती मागच्या शेडकडे गेली, नर्सबाई आणि विक्रेता मागोमाग. भाऊ तिथे एका गाडीखाली काम करत पडला होता. ताईने त्याच्या बुटाला पाय लावला.

"बाहेर ये."

तो हात पुसत बाहेर आला आणि तिचा चेहरा बघून पुसायचा थांबला.

"पावडर तू टाकलीस?"

"मालकांनी सांगितलं, ताई."

"आणि काट्याची वायर?"

त्याने खाली बघत मान डोलावली.

"ही बाई रोज आडरस्त्याने एकटी जाते. तिथे गाडी बसली असती तर तुझे मालक ढकलायला जाणार होते?"

"मी नसतं केलं तर दुसऱ्या कुणी केलं असतं."

"मग त्या दुसऱ्याला करू द्यायचं. बाबांसारख्या क्लिपा लावून लबाडी करतोस. निदान त्या तरी वाकड्या लावायच्यास."

"घरची भांडणं घरी, ताई," विक्रेता मध्ये पडला आणि नर्सबाईकडे वळून भाव कमी करायची भाषा बोलू लागला. नर्सबाई एकदा सावलीतल्या गाडीच्या रंगाकडे बघून म्हणाली, "नको."

त्यानंतर ताईने भावाचा फोन उचलला नाही.

तीन आठवड्यांनी भरदुपारी ती सुटे भाग घेऊन परतत होती. पुलाच्या पायथ्याशी तीच गाडी उभी दिसली. बोनेट उघडं, वाफेचे लोट, शेजारी म्हातारं जोडपं. आजोबांनी झाकण उघडायला रुमाल गुंडाळून हात घातला होता.

"हात काढा आधी," ताई ओरडली आणि त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. "उकळतं पाणी तोंडावर आलं असतं."

आजोबा बावरून म्हणाले, "पण काटा तर अर्ध्यावरच आहे हो."

ताईला स्वतःचाच संताप आला. एकीला खड्ड्यातून वाचवलं आणि खड्डा तसाच उघडा टाकून आपण घरी गेलो. तिने ओढून न्यायची गाडी मागवली आणि जोडप्यासकट वरात विक्रेत्याच्या दारात नेली.

आत चार गिऱ्हाईकं होती. विक्रेता थंडपणे म्हणाला, "आमच्याकडून गेली तेव्हा ठणठणीत होती. आजोबांनी पाणी न बघता चालवली असेल. आणि ताई, तुमच्याकडे पुरावा काय?"

आजी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी म्हणत होते ना, तुम्ही पाणी बघत नाही." आजोबांची मान खाली गेली. गाडी अजून वाफाळत होती; ती थंड होईपर्यंत काट्याची लबाडी ताईला दाखवता येणार नव्हती.

तेवढ्यात मागून भाऊ आला. "आजोबांची काही चूक नाही," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं. "हेड आधीच वाकलेलं होतं. पावडर मी टाकली. काट्याची वायर मी बांधली. मालकांनी सांगितलं आणि मी केलं."

गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघू लागली. एक जण हातातली चावी टेबलावर ठेवून सरळ बाहेर पडला. विक्रेत्याचा चेहरा उतरला. पुढच्या तासाभरात त्याने मुकाट्याने गाडी परत घेतली, आणि कागदांवर सही करता करताच भावाला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

बाहेर भाऊ ताईच्या स्कूटरपाशी घुटमळत होता.

"उद्यापासून गॅरेजवर येऊ?"

"नाही."

"ताई, मी खरं बोललो."

"तीन आठवडे उशिरा बोललास. त्या आजोबांचा हात भाजून निघाला असता." तिने स्कूटरला किक मारली. "रविवारी बायको-पोरांना घेऊन जेवायला ये. कामाचा विषय काढायचा नाही."

तो बसच्या डेपोत कामाला लागला. दर रविवारी येत राहिला आणि विषय काढला नाही. तिने त्याला गॅरेजमधल्या इंजिनाला हात लावू दिला तो वर्ष उलटल्यावर, आणि तेव्हाही तो गेल्यावर सगळं काम पुन्हा तपासून बघितलं.