शिडी कोणी धरली?

मास्तरांना कोणी कोणाची तक्रार सांगितली, की ते आधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत आणि मग एकच प्रश्न विचारत, "शिडी कोणी धरली होती?" तक्रार कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या अरब मालकाची असो, कंपनीतल्या मॅनेजरची असो, नाहीतर कोपऱ्यावरच्या खानावळवाल्याची. त्यांचं म्हणणं असं, की कोणताही माणूस एकट्याने माडीवर चढत नाही. खाली कोणीतरी शिडी घट्ट धरून उभं असतं. वर चढलेल्याचं नाव जगाला माहीत असतं, खालच्याचं मुद्दाम विचारावं लागतं.

मी रियाधला आलो तेव्हा आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर होतो. करमाळ्याला शिकून बी.कॉम. झालेलो. एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात नोकरी लागली आणि बत्हा या बाजारपेठेतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला जागा मिळाली. तिथे आधीपासून दोघं राहत होते. एक मास्तर, राजापूरकडचे. गावच्या हायस्कुलात वीसएक वर्षं इतिहास शिकवला, शाळा बंद पडली, आणि चाळिशी उलटल्यावर ते इकडे एका बांधकाम कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून आले. दुसरा दाऊद, दापोलीजवळच्या खाडीकाठच्या गावचा, एसी दुरुस्त करणारा. मास्तर मला नावाने कधी हाक मारत नसत. "पदवीधर, चहा ठेवा." "पदवीधर, दार बघा." पहिले काही दिवस मला ती चेष्टा वाटली. पण दारात कोणीही आलं, अगदी गॅसची टाकी आणणारा आला तरी, ते म्हणत, "हे आमचे पदवीधर." माझ्या डिग्रीचा असा मान माझ्या घरीसुद्धा कोणी केला नव्हता, कारण तिथे ती नेमकी काय असते हे कोणाला ठाऊक नव्हतं.

घरात राज्य मास्तरांचं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरातलं वेळापत्रक होतं: भात कोणाचा, भांडी कोणाची, न्हाणीघरात कोण किती वेळ. एकदा दाऊद वैतागला. "मास्तर, ही हुकूमशाही झाली!" मास्तर लगेच म्हणाले, "अगदी बरोबर. वेळापत्रक मी लिहिलं. पण खिळा कोणी ठोकला?" खिळा दाऊदनेच ठोकला होता. तो हसत भांडी घासायला गेला.

शिकवण्याच्या दिवसांतली एक खंत मास्तरांच्या मनात होती. इतिहासाच्या पुस्तकात हुकूमशाहीचा उदय आणि दुसरं महायुद्ध हे धडे शेवटी. फेब्रुवारी उजाडला की पोर्शन उरकायची घाई, मग कुठल्याही शाळेतले मास्तर जे सांगतात तेच तेही सांगत, "हे घरून वाचून या." आम्हांलाही करमाळ्याच्या सरांनी हेच सांगितलं होतं, आणि आम्हीही ते कधी वाचलं नव्हतं. "एवढी पोरं माझ्या हाताखालून गेली," मास्तर म्हणत, "अकबर, शिवाजी सगळं पाठ. पण एक अख्खा देश एका माणसाच्या मुठीत कसा जातो, हे मी एकालाही धड शिकवलं नाही. जो धडा कामाचा, तोच घरी पाठवला."

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या देशाच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तो धडा आमच्या दारात आला. दाऊदचा थोरला भाऊ इब्राहिम कुवेतला एका बेकरीत होता. आपले लाखभर लोक बगदाद, अम्मान असे कसेबसे मुंबईला पोचले. इब्राहिम पोचला नाही. फोन बंद, पत्र बंद. डिसेंबरात तिकडून निसटून आलेला रत्नागिरीचा एक व्यापारी दाऊदला बाजारात भेटला. त्याने सांगितलं, "जिवंत आहे तुझा भाऊ. पण बेकरी लष्कराने घेतलीय. तो त्यांच्या फौजेसाठी खुबूसच्या रोट्या भाजतो. गल्लीतली माणसं त्याच्या नावाने थुंकतात."

हे दाऊदने फक्त मला सांगितलं. "मास्तरांना बोलू नको हां," तो म्हणाला. "ते विचारतील, शिडी कोणी धरली. मी काय सांगू? माझ्या भावाने?"

जानेवारीत युद्ध पेटलं. आतल्या बिनखिडकीच्या खोलीला आम्ही दाराच्या फटीत चिकटपट्ट्या लावल्या, उंबऱ्याशी ओला टॉवेल ठेवला. विषारी वायूची भीती होती. मास्तरांच्या कंपनीने मास्क दिला होता, पण एकच. आमच्या दोघांच्या कंपन्यांनी काही दिलं नाही. तो एक मास्क खोलीत खुंटीवर टांगलेला असे. दाऊद म्हणाला, "मास्तर, वेळापत्रक लावा की! दोन-दोन मिनिटं नाकाला." मास्तर म्हणाले, "तिघांना पुरत नसेल ते या घरात कोणाच्या तोंडाला लागणार नाही." आणि खरोखरच तो कोणी घातला नाही.

पहिला सायरन जेवणाच्या वेळेला झाला. आम्ही ताटं घेऊनच आत पळालो. वर कुठेतरी मोठा धमाका झाला, भिंत हलली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, दाऊदकडे बघितलं, आणि सतरंजीवर एक आख्खा खुबूस ठेवला. "हा जर्मनी," ते म्हणाले. "लक्ष द्या."

आणखी अर्धा खुबूस पोलंड झाला, उकडलेलं अंडं फ्रान्स, आणि मिठाच्या पुडीपलीकडे एक लिंबू, ते इंग्लंड. पहिलं महायुद्ध हरलेला देश, पोटात भूक, रस्त्यावर बेकार माणसं, आणि त्यांच्यापुढे मोठ्याने ओरडणारा एक मिशीवाला. मास्तर नावं घेत नसत. इटलीचा तो टकल्या, जर्मनीचा तो मिशीवाला आणि आताचा तो "शेजारचा मिशीवाला". खालच्या मजल्यावर कफीलचा माणूस राहत होता, तो काय ऐकेल याचाही विचार होता. सायरन वाजला की वर्ग भरायचा, धोका टळल्याचा भोंगा झाला की सुटायचा. दुसऱ्या की तिसऱ्या वर्गाला मास्तर मागे वळून बघतात तर पोलंड गायब.

"कोणी खाल्लं?"

"भूक लागली ना, मास्तर," दाऊद म्हणाला. पण सगळं त्याने खाल्लं नव्हतं, एक तुकडा माझ्याही तोंडात होता.

मास्तर खूश झाले. "अस्संच झालं होतं! जर्मनीने इकडून तोडलं, रशियाने तिकडून. दोघांनी वाटून खाल्लं." मी तो मुद्दा आजही विसरलेलो नाही.

पण प्रत्येक वर्गात तो प्रश्न यायचाच. मिशीवाल्याला खुर्ची कोणी दिली? म्हाताऱ्या पुढाऱ्यांनी, त्यांना वाटलं हा आपल्या हातात राहील. त्याच्या नोटिसा कोणी छापल्या? त्याच्या गाड्या कोणी हाकल्या? शिडी, शिडी, शिडी. प्रत्येक वेळी दाऊदची नजर खाली जायची. आणि एके दिवशी मास्तर म्हणाले, "फौज पोटावर चालते. रोज इतक्या हजार तोंडांना घास लागतो. तो घास ज्यांनी—"

दाऊद उठला. उंबऱ्याशी ठेवलेला टॉवेल पायाने बाजूला सारला आणि दार उघडून बाहेर गेला. अजून भोंगा झाला नव्हता.

मास्तरांना काही कळेना. मग मी त्यांना इब्राहिमची गोष्ट सांगितली. दाऊदने बोलू नको म्हटलं होतं, पण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. मास्तर ऐकून घेऊन बाहेर गेले. दाऊद स्वयंपाकघरात अंधारात ओट्याला टेकून उभा होता. मास्तर त्याच्याशेजारी तसेच उभे राहिले. भोंगा झाल्यावर एवढंच म्हणाले, "भांडी आज मी घासतो."

त्यानंतर धडा पुढे सरकेना. पुढच्या वर्गाला मास्तरांनी नॉर्वेची थंडी सांगितली. त्याच्या पुढच्या वर्गाला इंग्रजांनी होड्या कशा गोळा केल्या ते सांगितलं, होड्यांचे प्रकार सांगितले, मग राजापूरच्या खाडीतल्या होड्यांचे. दाऊदला होड्यांतलं जास्त कळत होतं, तो बोलू लागला, आणि अख्खा सायरन दोघांनी डोलकाठीवर काढला. पोर्शन उरकण्याची घाई करणारे मास्तर मी ऐकले होते. पोर्शन मुद्दाम मागे ठेवणारे मास्तर मी तेव्हाच पाहिले. शिडीचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

फेब्रुवारी संपता संपता कुवेत मोकळं झालं आणि सायरन थांबले. आमचा धडा अर्ध्यावरच राहिला. मार्चमध्ये एका शुक्रवारी दुपारी इब्राहिम आमच्या दारात उभा राहिला. सरहद्दीवरून ट्रकमधून आला होता. वकिलातीने कागद करून दिले होते, दोन दिवसांनी मुंबईचं विमान होतं. दाऊदने त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. इब्राहिमचे दोन्ही हात कोपरापर्यंत भट्टीने भाजलेले होते. आम्ही ताटात खुबूस वाढला, तो त्याने हळूच बाजूला सारला. "भात हाय का?" त्याने विचारलं.

मी भात टाकला. तो शिजेपर्यंत इब्राहिम बोलत राहिला. दोन शिपाई कायम भट्टीजवळ उभे असत. पहिली पोती लष्कराची. उरलं तर मागच्या दाराने गल्लीला. रांगेत बायका, म्हातारी माणसं. समोरच्या घरातली एक म्हातारी रोज खुबूस घ्यायची आणि रोज उंबऱ्यावर थुंकून जायची.

"दाऊद बोलला, तुमी काय ती शिडीची गोष्ट सांगता," तो मास्तरांना म्हणाला. "मग मला सांगा. मी धरली का?"

"भाईजान, तुझा नाइलाज होता," दाऊद घाईने म्हणाला. "मास्तर, सांगा ना त्याला."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर ठेवला, परत काढला.

"धरलीस," ते म्हणाले.

दाऊद ताडकन उठला. "मास्तर!"

"बस, दाऊद. त्याने मला विचारलंय." मग ते इब्राहिमकडे वळले. "शिडी धरलीस, इब्राहिम. आणि त्याच हातांनी त्या म्हातारीला घास दिलास. एकातून दुसरं वजा करून काही उत्तर निघत नाही. तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी हा प्रश्न आयुष्यभर फळ्याजवळ उभं राहून विचारला. माझ्या फळ्याजवळ बंदूक घेऊन कोणी उभं नव्हतं."

इब्राहिमने आपल्या भाजलेल्या हातांकडे बघितलं. मग त्याने मान हलवली. मास्तर उठले, त्यांनी स्वतः भात वाढला, वर डाळ घातली आणि तो जेवेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिले. जेवल्यावर तो तिथेच सतरंजीवर आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठला.

दाऊद काही दिवस मास्तरांशी बोलला नाही. मग एकदा त्याच्या पाळीला ताटात मास्तरांच्या आवडीचं सुकटीचं कालवण आलं, आणि तो विषय मिटला. "मास्तर, तुमचा धडा राहिला की," तो म्हणाला. मास्तर म्हणाले, "घरून वाचून या."

पुढच्या वर्षी मास्तर गावी परतले. विमानतळावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पदवीधर, मान वर करून बोला हां साहेबाशी." एवढं शिकवणारं मला त्याआधी कोणी भेटलं नव्हतं. मी नंतर एकदा त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर गावातली मुलं जमवून ते शिकवत होते. जून महिना होता आणि पुस्तकातला शेवटचा धडा चालू होता. "आता मी तो आधी घेतो," ते म्हणाले. प्रश्न मात्र बदलला होता. शिडी कोणी धरली, हे विचारून ते थांबत नसत. "आणि धरणाऱ्याच्या मागे कोण उभं होतं?" असं पुढे विचारत. मुलांना दोन्ही उत्तरं द्यावी लागत.

मास्तर गेल्याचं मला दाऊदकडून कळलं. पुढच्या सुट्टीत मी दापोलीला गेलो. इब्राहिमने तिथे स्वतःची बेकरी काढली आहे. मास्तरांचा विषय निघाल्यावर त्याने पिठाचे हात पुसले.

"घरी आलो तेव्हा जो तो बोलायचा, तुझा नाइलाज होता," तो म्हणाला. "बायको, मौलवी, गाववाले. मला वाटायचं, हे माझं तोंड बंद करतायत. मास्तर एकटे बोलले, धरलीस. आणि मग जेवायला वाढलं. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी मला झोप लागली."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात भट्टीतून गरम पाव निघाले. पुढच्या बाजूला गिऱ्हाइकांची रांग होती. इब्राहिमने पहिला ट्रे उचलला आणि मागच्या दाराशी नेला. तिथे दोनतीन म्हाताऱ्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांचं झाल्यावर तो पुढे आला. रांगेतला एकजण कुरकुरला, तसा बेकरीतला नोकर म्हणाला, "इथे आधी मागचं दार. मालकाचा नियम हाय."