बांगड्यांचा रंग

माझे वडील भित्रे होते. हे मी लाजून सांगत नाही, मान वर करून सांगते. ज्याला भीतीच वाटत नाही त्याचं कौतुक कसलं? आमच्या नाशिकरोडच्या वस्तीत तसे बिनधास्त पुष्कळ होते. त्यातले निम्मे कट्ट्यावर बसून जन्मभर बढाया मारत राहिले.

वडिलांचं नाव पुंजाराम. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. प्रेसमध्ये कामाला होते. पाळी सुटली की सायकल घराच्या भिंतीला टेकवून तडक विहारामागच्या आखाड्यात जायचे. आखाडा म्हणजे एक पत्र्याची शेड, पुढे मातीचं अंगण आणि आत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. तिथे सहादू वस्ताद लाठी, दांडपट्टा आणि फरीगदगा शिकवायचे. फरी म्हणजे लहान ढाल आणि गदगा म्हणजे चामडं चढवलेली काठी. एका हातात ही, दुसऱ्या हातात ती, आणि समोर तसाच तयार माणूस. या खेळाला आमच्याकडे जोड म्हणत.

जयंतीच्या मिरवणुकीत नानांचा दांडपट्टा बघायला लोक गच्चीवर चढायचे. जमिनीवर ठेवलेल्या लिंबाचे ते पळता पळता दोन तुकडे करायचे. पण समोर माणूस आला आणि त्याने गदगा उचलला, की नानांचे डोळे आपोआप मिटायचे आणि पाय मागे जायचा. तरुणपणी जोड खेळताना एक घाव भुवईवर बसला होता. रक्त डोळ्यात उतरलं, दिसेनासं झालं, आणि डोळा गेला असं समजून ते मातीतच बसले. डोळा वाचला, भीती मात्र मुक्कामाला राहिली. त्यानंतर कधी खांदा दुखतोय, कधी पाळी आहे, असं काहीबाही सांगून ते जोड टाळत आले. दांडपट्ट्याला टाळ्या पडत होत्या, तेव्हा हे कोणाच्या ध्यानात येणार? वस्तादांना ठाऊक होतं, आणि माझ्या आईला.

त्र्याऐंशी साली वस्तादांच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यांनी सिन्नरकडच्या आपल्या गावी, मुलाजवळ जायचं ठरवलं. मग आखाडा कोणाच्या हाती द्यायचा? तरुण पोरं कराटेच्या क्लासला लागली होती. पांढरे कपडे आणि रंगीत पट्टे सोडून मातीत लोळायला कोण येणार? सगळे डाव येणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे नाना.

पण आखाड्याची एक रीत होती. होणाऱ्या वस्तादाने जुन्या वस्तादाशी सगळ्यांसमोर एक जोड खेळायची. जिंकायचं नसतं, जुना वस्ताद गदगा खाली करेपर्यंत टिकायचं असतं. पाठीमागे मातीत रेघ ओढलेली असते, तिच्यापलीकडे पाय गेला की खेळ संपला. टिकला तर त्याचा गुरू आपल्या हाताने त्याला गदगा देणार आणि आखाडा चालू राहणार. नाही टिकला तर वस्ताद नाही, आणि वस्तादाशिवाय आखाडा कसला? बांबू ठेवायला ती शेड मिळावी म्हणून एक मंडपवाला टपूनच बसला होता.

नानांनी वस्तादांना विनवून पाहिलं. म्हणाले, “वस्ताद, एवढ्या वेळी रीत बाजूला ठेवा.”

“पुंजा,” वस्ताद म्हणाले, “तू डोळं मिटणार. मंग तुझ्या हाताखालची पोरं डोळं उघडं ठेवायला कोणाकडून शिकतील?”

घरी येऊन नाना ताटावर नुसते बसून राहिले. आईने सगळं ऐकून घेतलं. माझी आई सिंधुबाई, तीही सिन्नरकडचीच. तिला रडकं तोंड मुळीच खपायचं नाही. तिने मोरीतलं कपडे धुवायचं धोपटणं आणलं, त्याला जुनी गोधडी गुंडाळली आणि सुतळीने घट्ट बांधली.

“उठा,” ती म्हणाली.

“अगं, काय करतेस?”

“वस्ताद एकदाच मारतील. मी रोज मारते.”

आमच्या खोलीमागे एवढंसं अंगण होतं. तिथे रोज संध्याकाळी हा तमाशा सुरू झाला. आई धोपटणं उगारायची, नानांचे डोळे मिटायचे, पाय मागे जायचा आणि धोपटण्याचं टोक त्यांच्या खांद्यावर धप्पकन बसायचं. शेजारच्या लंकाबाईने आवाज ऐकला आणि सिंधू नवऱ्याला बडवते म्हणून सगळ्या चाळीत दवंडी पिटली. नानांची पाळीवर जायची वाट लाजेने अवघड झाली. आईला मात्र त्याचं काही नव्हतं. ती लंकाबाईला म्हणाली, “तुमच्या मालकांना पण पाठवा, हात मोकळा हाय माझा.”

एक दिवस आईने पाण्याचा भरलेला ड्रम नानांच्या पाठीशी ओढला. मागे जायला जागाच राहिली नाही. धोपटणं खाली आलं, आणि जायला वाट नाही म्हणून नाना पुढे घुसले, थेट आईच्या अंगावर. धोपटण्याचं टोक त्यांच्या पाठीमागे हवेत राहिलं आणि आईची मूठ तेवढी खांद्याला टेकली.

“लागलं?” आईने विचारलं.

नानांनी खांदा चाचपून पाहिला. मग म्हणाले, “नाही.”

“टोकाला जोर असतो, मुठीपाशी काय असतंय? इतकी वर्सं कपडे धुते, मला नाय कळायचं? तुम्ही मागं पळता, म्हणून टोक खाता.”

हे नानांना माहीत नव्हतं असं नाही. तेच ते पोरांना शिकवत आले होते. पण शिकवणं वेगळं आणि खांद्याला कळणं वेगळं.

पाय असा वळणावर आला, डोळ्यांचं काय? आईने त्यालाही तोड काढली. रोज अंगणात उतरायच्या आधी ती हातात वेगळ्या रंगाच्या बांगड्या घालायची. हात पदराखाली ठेवायची, एकदम धोपटणं उगारायची आणि घाव बसला की विचारायची, “कोणत्या?” डोळे मिटलेले असले की नाना ठोकून द्यायचे, “हिरव्या.” आई हात पुढे करायची, तर लाल. हे रोजचं. हसून हसून माझं पोट दुखायचं. मग हळूहळू उत्तरं बरोबर यायला लागली, आणि मी हसायची थांबले. नाना आता टोकाकडे नाही, मनगटाकडे बघत होते.

जयंतीच्या आदल्या रविवारी, सकाळी उन्हं चढायच्या आत जोड ठरली. अंगणाभोवती सगळी वस्ती जमली होती. बायका विहाराच्या पायरीवर उभ्या होत्या. आखाड्याच्या मातीवर बाईने कधी पाय ठेवला नव्हता. मनाई कोणी केली नव्हती, पण ठेवला नव्हता.

वस्तादांचे गुडघे गेले होते, हात गेला नव्हता. त्यांनी पहिलीच हूल अशी दिली की नानांचा पाय मागे गेला आणि टाच रेघेपाशी येऊन थांबली. कट्ट्यावरचा कोणीतरी हसला. पण नानांचे ओठ हलायला लागले, काहीतरी पुटपुटत ते पुढे आले. वस्तादांचा घाव फरीवर थांबला, दुसरा खांद्यावरून निसटला. तिसरा आला तो सरळ भुवईवर, जुन्या खुणेवरच. रक्त आलं. नानांनी मनगटाने डोळा पुसला आणि ते मागे नाही, पुढे सरकले. वस्तादांच्या इतके जवळ, की वस्तादांना गदगा फिरवायला जागाच उरली नाही.

वस्तादांनी गदगा खाली केला. म्हणाले, “पुंजा, काय पुटपुटत होतास रे?”

“तुमच्या मनगटावर गोंदण आहे वस्ताद. हिरवं. तेच म्हणत होतो, म्हणजे डोळे मिटत नाहीत.”

“हे तुला कोणी शिकवलं?”

नाना खोटं बोलू शकले असते. एवढ्या पुरुषांपुढे, त्या कट्ट्यावरच्या बढाईखोरांपुढे, कोणीही बोललं असतं. नानांनी गदगा पायरीकडे केला आणि म्हणाले, “हिने. घरी धोपटण्याने मारते मला.” लोक खो खो हसले. नाना पण हसले. त्या घडीला मला माझ्या बापाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा लिंबाचे तुकडे करताना कधी वाटला नव्हता.

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी हाक मारली, “सूनबाई, इकडं ये.” आई पदर सावरत मातीत उतरली. वस्तादांनी आपला गदगा तिच्या हाती दिला. “गुरूनं द्यायची रीत हाय. मला इतक्या वर्सांत जमलं नाय ते तू केलंस. दे त्याला.”

आईने गदगा घेतला, नानांसमोर उभी राहिली, आणि द्यायच्या ऐवजी एकदम डोक्यावर उगारला. बायका किंचाळल्या. नाना तसेच उभे राहिले. भुवईतून रक्त गळत होतं आणि डोळे टक्क उघडे होते.

“कोणत्या?” आईने विचारलं.

“पिवळ्या,” नाना म्हणाले. “त्यातली एक तडकलीय.”