त्या गावाचा वास

फ्रान्सच्या पूर्वेला डोंगरांच्या खोऱ्यात एक लहानसं गाव आहे. छपरांवर करकोच्यांची घरटी, वरच्या कुरणांत गाई आणि तळघरांत चीज. हे सगळं मी आमच्या हॉटेलच्या कोल्ड किचनमधल्या कॅलेंडरवर पाहिलेलं. त्या गावाशी माझी खरी ओळख झाली ती वासाने. तिथलं नारिंगी रंगाच्या सालीचं चीज विमानाने इथे बहारीनला, आमच्या हॉटेलात येतं. रोज सकाळी एकेक चकती उघडून हुंगायची आणि कोणती आज बुफेवर जाईल, कोणती अजून थांबेल, हे ठरवायचं, हे माझं काम. वर गोठ्याचा वास आणि त्याच्याखाली दुधाची गोडी. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हा वसईकरांना सुक्या बोंबलाची सवय, आम्ही कसले घाबरतोय!

इतकी वर्षं हे केल्यावर शेफने एकदाचं सांगितलं, त्या गावच्या तळघरांत आठवडाभर शिकायला मला पाठवणार, हॉटेलच्या खर्चाने. इथल्या गुदैबिया वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्या दिवशी सणच झाला. नवरा म्हणाला, "लीव्ह मिळाली की आपण वसईच गाठतो. तू तरी दुसरं काही बघून ये."

आणि मला ताप आला. साधाच. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. कामावर पहिली चकती उघडली तर कोरा कागद हुंगावा तसं झालं. कॅलेंडरवरचं गाव नुसतं चित्र होऊन बसलं. शेफला मी त्याच दिवशी सांगितलं. लपवून काय करणार, खराब चीज कुणाच्या पोटात गेलं म्हणजे? माणूस भला. म्हणाला, जायला अजून अवकाश आहे, तोवर वास परत आला तर तूच जाशील.

मग वाट बघणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. मी लवंग हुंगली, लिंबू हुंगलं, कॉफीच्या डब्यात तोंड घातलं. शेजारच्या रत्नागिरीच्या भाभी भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी देऊन गेल्या, "इंशाल्ला येईल हो," म्हणाल्या. जो तो विचारायचा, "आला का वास?" जसा काही कुणी पाहुणाच यायचा होता. मी खेकसायचे लोकांवर. बाहेर दमट उकाडा, आत फ्रीजची थंडी, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले आणि हाती काहीच नाही. शेवटी इतकी थकले की मीच शेफला म्हटलं, खलास, दुसऱ्या कुणाला पाठवा.

माझ्या हाताखालची मल्याळी बाई गेली. तिने तळघरातून व्हिडिओ कॉल केला. लाकडी फळ्यांवर चकत्यांच्या रांगा होत्या आणि एक म्हातारी मिठाच्या पाण्याने एकेक चकती पुसत होती. "दीदी, क्या बास मारता है इधर!" ती ओरडली. मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र फार वाईट वाटलं. हेवा वाटला तिचा, का नाही वाटणार?

येताना तिने माझ्यासाठी एक चकती आणली. घरी ओट्यावर कागद सोडला आणि तुकडा तोंडात टाकला. नुसतं मीठ. तेवढ्यात आतून मुलगी आली. यंदा ती कॉलेजात गेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इंग्रजीत.

"कसा वास येतो गं? नीट सांग मला."

ती वाकली आणि डोळे मिटून तिने लांब श्वास घेतला.

"लाइक यू, मम्मा," ती म्हणाली. "व्हेन यू केम होम. आय यूज्ड टू वेट फॉर इट."

आणि मी इतकी वर्षं दारात पाऊल ठेवलं की आधी साबणाने हात घासायला धावत होते, लेकराला त्या वासाचा त्रास नको म्हणून.