मिस करण्याला मराठीत

आषाढातला दुसरा रविवार. हजर: मी, आमचे हे, सासूबाई आणि व्हिडिओ कॉलवर बर्लिनहून लेक ऋचा. यांच्या मनाविरुद्ध ती गेली, तेव्हापासून हे तिच्याशी बोललेले नाहीत.

"आई, मैत्रीण विचारतेय, 'मिस करणं' याला मराठीत काय म्हणतात?"

"आठवण येणं," मी चटकन सांगितलं.

"एवढंच होय गं?" सासूबाई म्हणाल्या. "करमत नाही. चुकल्याचुकल्यासारखं होतं."

पेपरामागून आवाज आला, "घर खायला उठतं. सांग तिला."

"बाबा?" म्हणत ऋचा स्क्रीनच्या जवळ सरकली.

मी थक्क होऊन ऐकत राहिले. यातला एकेक शब्द कधीतरी, कुणाच्या तरी जाण्यानंतर, मागे राहिलेल्या कुणीतरी पहिल्यांदा उच्चारला असेल.

ऋचा गेली तेव्हाच हे तिची घडीची कॉट माळ्यावर टाकणार होते. ते काम अजून व्हायचं आहे.