ताराक्कांचा गार अंगठा

ताराक्का वॉर्डात आल्या की तक्ता बघायच्या आधी पेशंटच्या पायाचा अंगठा धरत. "पेशंट बरं वाटतंय म्हणेल गं, अंगठ्याला विचार," असं त्यांचं सांगणं. रक्त नीट फिरेना झालं की तो आधी गार पडतो. तसा गार लागला की त्या एकामागून एक हुकूम सोडत आणि आम्ही नर्स मुली डोकं न वापरता पळत असू. बेंगळुरूत कित्येक पिढ्या मुरलेलं मराठी घराणं त्यांचं. रागावल्या की निम्मी वाक्यं कन्नडमध्ये जात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, निरनिराळ्या देशांतल्या नर्सेसना नेतृत्व शिकवणाऱ्या एका अभ्यासक्रमासाठी त्यांना इंग्लंडला पाठवलं. घाना, नेपाळ, फिलिपिन्सच्या सिस्टर्सबरोबर तीन महिने राहून आल्या त्या बदलूनच. हुकूम बंद. प्रत्येक खाटेपाशी उभ्या राहून एकच विचारणा, "तुला काय दिसतंय?" उत्तर येईपर्यंत हलत नसत. विलायतेला जाऊन एवढंच शिकलात का, अशी आम्ही थट्टा केली. त्या हसल्या. "स्वल्प गप्प बसायला शिकले. त्यालाच तीन महिने लागले."

आमच्याकडे राउंडला मोठे डॉक्टर पुढे, नर्स ट्रे धरून मागे, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही अशी रीत. आक्कांनी ती मोडली. ज्या नर्सची खाट, तिनंच आधी बोलायचं. बाकीच्या हळूहळू धीट झाल्या. मी मात्र जन्माची भित्री.

पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली सिद्धम्मा नावाची फुलवाली माझ्याकडे होती. त्या सकाळी तिची नाडी पळत होती, अंगठा गार होता. आत कुठेतरी रक्तस्राव होतोय, हे मला कळलं होतं. राउंड आला. डॉक्टरांनी टाके पाहून मान डोलावली. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. माझी जीभच रेटेना. राउंड पुढच्या खाटेकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. दहा मिनिटांनी शेवटी आक्काच बोलल्या. सिद्धम्माला घाईघाईनं पुन्हा ऑपरेशनला नेलं. ती परत आली नाही.

चौकशीत आक्कांनी माझं नाव घेतलं नाही. "वॉर्ड माझा, चूक माझी," एवढंच सांगितलं. जवळजवळ हाती आलेलं मेट्रनपद गेलं. मी रडत त्यांच्या येलहंक्याच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "अंगठा मीपण धरला होता. तू बोलशील म्हणून थांबले."

त्या दहा मिनिटांत सिद्धम्मा वाचली असती का, मला अजून ठाऊक नाही. आक्कांनाही नव्हतं. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही, पण प्रत्येक राउंडला तो आमच्या दोघींच्या मध्ये उभा असे. घरी नवऱ्याचा पाय पांघरुणाबाहेर आला तरी मी आजही अंगठा चाचपून बघते. तो वैतागतो.

दशक सरता सरता आक्काच आमच्या वॉर्डात खाटेवर आल्या. हृदय थकलं होतं. एका दुपारी चादर सारखी करायच्या निमित्तानं मी त्यांचा अंगठा धरला. त्यांनी डोळे उघडले.

"काय दिसतंय?"

सगळं ठीक आहे, असं म्हणणार होते मी. ओठांवर आलंही होतं.

"गार पडलाय, आक्का," मी म्हटलं, आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी डॉक्टरांना हाक मारली. ते धावत आले. करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

आक्कांनी माझं मनगट धरलं. "सरी, बरोबर," त्या म्हणाल्या. "आज बोललीस."