उतारावरचे पाय

माझे पाय दिवसभर पळतात आणि कुठंच पोचत नाहीत. ब्लाउज शिवायची पायमशीन आहे माझी. मोटर लाव, मोटर लाव म्हणून घरचे सांगून थकले, पण मोटर लावली की शिवण माझं ऐकत नाही. तर सकाळपासून पाय खालीवर, खालीवर. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावायचं, सायकल काढायची आणि आमच्या वस्तीकडं जाताना जो लांब उतार लागतो ना, तिथं पाय थांबवायचे. नुसतं बसायचं. सायकल आपली जाते. यवतमाळचे चढउतार जीव काढतात म्हणणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातली नाही. माझ्या दिवसातला सगळा आराम त्या एका उतारावर आहे. घरी पोचले की कणीक वाट बघत असतेच.

त्या सायकलवर लेकीचा डोळा गेला. इंजिनिअर होऊन ती पुण्याहून आली होती आणि नोकरीची वाट बघत बसली होती. घरात रिकामं माणूस असलं की वस्तूंना धोका असतो. एका रविवारी जेवून जरा आडवी झाले, उठून पाहते तर अंगणात सायकल नाही, तिचे तुकडे. चेनकव्हर इकडं, कॅरिअर तिकडं, मडगार्ड जास्वंदीखाली.

“हे काय करून राह्यली वं?”

“फिक्सी बनवून राह्यली, आई. चाक फिरते तोवर पायडल फिरते. हळू व्हायचं असलं तर पायानंच मागं दाबायचं. एकदम साधी सायकल.”

“एक ना धड भाराभर चिंध्या,” मी म्हटलं. “अन् ब्रेक कुठी हाये?”

“ब्रेक कायले लागते?”

यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, समोरचा ब्रेक जागेवर राहिला. “तू ना, फारच भितं,” असं म्हणत तिनंच तो घट्ट केला.

मग टायरचं पुराण सुरू झालं. नवरा एसटीच्या डेपोत टायरचंच काम करतो, त्यामुळं या विषयात आमच्या घरी कुणाला तोंड उघडायची सोय नाही. लेकीनं पुण्याहून मागवलेले बोटभर जाडीचे टायर पाहून तो हसत सुटला. “हे टायर हाये का शेवया?” त्याला ट्रॅक्टरसारख्या गोट्यांचे टायर पाहिजे होते. लेक म्हणाली, असे टायर डांबरी रस्त्यावर घूं घूं आवाज करतात आणि जीव घेतात. दोघं जेवताना भांडायचे आणि वरण माझ्याकडून मागायचे. शेवया काही टिकल्या नाहीत. आमच्या वस्तीच्या कुंपणाला बाभळीच्या काट्या, त्यांचा अर्धा माल रस्त्यावर. शिवाय सिमेंट रोडच्या दोन तुकड्यांमधल्या फटीत तिचं चाक असं फसलं, की तिथून ती सायकल खांद्यावर घेऊन आली. शेवटी सायकलच्या दुकानात मीच गेले. मधल्या जाडीचे, वरून गुळगुळीत, आतून काट्यासाठी जाड पट्टी असलेले टायर काढायला लावले. नवऱ्यानं ते चढवल्यावर बसचे ठोकतो तसे टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, ठोकून पाहिले आणि नाइलाजानं मान हलवली.

या सायकलीवर पाय सुटू नयेत म्हणून पायडलला पट्टे लागतात म्हणे, ते मी शिवले. पिशव्यांच्या बंदाची मजबूत पट्टी, वर दुहेरी टीप. स्वतःच्या फजितीचं सामान स्वतःच शिवून दिलं, दुसरं काय.

पहिल्या दिवशी दुकानातून निघाले. सपाट रस्त्यावर सायकल खरंच हलकी लागत होती, मनातल्या मनात लेकीचं कौतुक पण केलं. उतार आला. सवयीनं पाय थांबवले. पाय थांबले, पायडल काही थांबलं नाही. खेचरानं मारावी तशी त्या सायकलनं मला लाथ मारली. पाय पट्ट्यातून सुटले, पायडल खाली आपलं गरगर फिरत राहिलं, मी पाय फाकवून ब्रेक दाबत, देवाधर्माचं नाव घेत, कुणीतरी जळणासाठी रचलेल्या पराट्यांच्या ढिगात शिरले. कापसाच्या वाळल्या काड्या केसातून निघायला रात्र झाली.

“ब्रेक होता म्हणून आई दिसून राह्यली तुले,” मी लेकीला म्हटलं. आणि मग खरं तेही सांगून टाकलं. “दिवसभर मायेच पाय चालते. थो एक उतार होता, थो बी काढून घेतला तू.”

ती पाना घेऊन बसली, मागचं चाक काढलं, उलटं फिरवून पुन्हा बसवलं. त्या चाकाला दोन्हीकडं दात होते म्हणे. एका बाजूला तिचं ते फिक्स, दुसऱ्या बाजूला साधं फ्रीव्हील, पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं. “ही बाजू तुयी,” ती म्हणाली. “आधी सांगाले लाज वाटत होती का?” मी म्हटलं, पण राग विरघळला होता. तेव्हापासून आमच्या अंगणात नवाच उद्योग. सकाळी ती आपली बाजू लावून शहरभर हिंडायची, मी दुकानात निघायच्या आत चाक फिरवून माझी बाजू लावून द्यायची. शेजारीण विचारायची, रोज रोज पंक्चर कसं होते वं तुमचं?

मग तिला नोकरी लागली, बंगळूरला. जाताना तिनं चाक माझ्या बाजूनं लावलं, चेन ताणून पाहिली, हवा भरली.

ती गेली त्या संध्याकाळी मी उतारावर आले आणि पाय थांबवले. फ्रीव्हील कर्रर्र वाजत होतं, टायर मऊ चालत होते, एक हिसका नाही. असा सुखाचा उतार यवतमाळात कुणाच्या वाट्याला आला नसेल. आणि वरपासून खालपर्यंत मी रडत गेले. पाय रिकामे झाले की डोकं चालायला लागतं, हे इतक्या वर्षांत मला कळलंच नव्हतं. तोवर डोक्यात तेवढं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानवाल्याकडून चाक उलटं करून घेतलं. “ताई, कायले?” तो म्हणाला. “उतारावर पाय दुखतीन.” मी म्हटलं, दुखू दे, पाय कामात असले म्हणजे बरं. आता उतारावर पायडलसोबत पाय फिरवत राहते. पट्टे घट्ट असले की लाथ बसत नाही.

रविवारी लेकीचा फोन आला. जेवली का, पाऊस हाये का, झालं. मग म्हणाली, “सायकल बरी चालते ना तुया बाजूनं?”

“तुयीच बाजू लावली म्या.”

“आई,” मग ती म्हणाली, “समोरचा ब्रेक काढला नाही ना?”