आईच्या नावाचं फूल

वाती अर्ध्याच वळून झाल्या होत्या. पितृपंधरवडा तोंडावर आला होता आणि रत्नप्रभा देवघरापुढे बसून कापसाचा एकेक पेळू तळहातावर घेत होती. तेवढ्यात बाजूला ठेवलेल्या फोनवर निरोप आला. व्हिएतनामहून, थोआच्या भाचीचा.

"आजी आज पहाटे गेली. अंत्यविधी परवा सकाळी आहे. आत्याला सांगू नका. ती मंगळवारी निघतेच आहे, इकडे आल्यावर आम्हीच सांगू. तोवर तिच्याकडे लक्ष ठेवा."

थोआची आई गेली होती. हातातली वात तशीच राहिली. थोआ संध्याकाळीच यायची होती, आणि तीही फूल लावून घ्यायला.

थोआ खालच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहायची. दोह्यातल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये नखं रंगवायची. क्वी न्योनजवळच्या समुद्रकाठच्या खेड्यातली ती. आई तांदळाचे पातळ पापड घालायची आणि बांबूच्या ताटल्यांवर उन्हात वाळवायची. लहानगी थोआ कोंबड्या हाकायला बसायची. वडील गेल्यावर घराचा गाडा ओढायला ही निघाली ती थेट कतारला. त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला, तेतला, पार्लरमधून तिला कधी रजा मिळाली नाही. मग ती फ्रिजवरच वडिलांचा फोटो मांडायची, पुढे फळं, उदबत्ती. चिकट तांदळाच्या वळकट्या करायला केळीची पानं हवी होती, म्हणून पहिल्यांदा तिने रत्नप्रभाचं दार वाजवलं होतं. पानात बांधलेला तो प्रकार बघून रत्नप्रभाला घरच्या पातोळ्याच आठवल्या. थोआने तिच्यासाठी मांस न घालता नुसत्या मुगाच्या सारणाची वळकटी वेगळ्या पातेल्यात उकडली होती. "दीदी, तुम्हारा भगवान वाला," असं म्हणाली होती. तेव्हापासून येणंजाणं सुरू झालं.

आणि हे फूल. त्यांच्या सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला आईबापांच्या ऋणाची आठवण करतात. ज्याची आई आहे त्याच्या छातीवर लाल गुलाब, जिची आई गेली तिच्या पांढरा. आपलं आपण लावायचं नसतं, दुसऱ्याने लावायचं. गेल्या वर्षी समैस्माच्या किनाऱ्यावर चटया टाकून चारपाच व्हिएतनामी बायका जमल्या होत्या, सगळं शाकाहारी जेवण होतं. थोआने रत्नप्रभालाही ओढून नेलं. "दीदी, माँ है?" रत्नप्रभाने नकारार्थी मान हलवली आणि थोआने तिच्या पदराला पांढरं फूल लावलं. थोआला लाल फूल रत्नप्रभाने लावलं होतं. यंदाही तसंच ठरलं होतं, आज घरूनच फुलं लावून किनाऱ्यावर जायचं होतं.

रत्नप्रभाने नवऱ्याला, देवीदासांना, निरोप वाचून दाखवला. गॅस कंपनीत आयुष्य गेलेला माणूस, सगळं मोजूनमापून बोलणार.

"अगं, त्यांच्या घरच्यांनी विचार करूनच ठरवलं असेल ना? बाई एकटी प्रवास करणार. आपण परक्यांनी मध्ये पडू नये."

"आजच्या विमानाने निघाली तर आईचं तोंड तरी दिसेल तिला."

"आणि वाटेत काही झालं तर?"

"माझ्या वेळी तुम्ही हाच विचार केला होता ना?"

देवीदासांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आई सिरियस आहे, एवढंच त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. रत्नप्रभाने विमानतळावर आईसाठी मऊ सपाता घेतल्या. नाशिकला दारात उतरली तर आत फोटोला हार. आणायला आलेल्या गाडीवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. सपातांची पिशवी हातात घेऊन ती उंबऱ्याशी उभीच राहिली होती.

"तू म्हणशील तसं," देवीदास हळूच म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

तिने देवापुढे हात जोडले. खोटं बोलावं लागू नये म्हणून नाही, नेमकं काय करू हे विचारायला. तोच दारावरची बेल वाजली.

"यल्ला, चलो दीदी! अभी तक तैयार नहीं?" थोआ फिकट निळ्या लांब झग्यात, खाली पांढरा सैल पायजमा. दोघींचं हिंदी मोडकंतोडकं, पण पाण्यासारखं वाहायचं. "इतनी बत्ती? भगवान को अंधेरे से डर लगता है क्या?"

"चूप बैठ. तू क्या जानती है."

"तुम्हारा नाखून देखो. हल्दी, हल्दी. मेरी मॅडम देखेगी तो बेहोश!" ती हसत खाली बसली आणि पर्समधून कागदाची पुडी काढली. रिबिनीची दोन फुलं, एक लाल, एक पांढरं. "मैंने बनाया. ये तुम्हारा, ये मेरा." मग एक छोटी बाटली काढून दाखवली, लाल नेलपेंट. "माँ के लिए. पूरी जिंदगी हाथ चावल के पानी में. कभी लगाने नहीं दिया. बोलती है, पापड को रंग लगेगा. इस बार पकड़ के लगाऊँगी."

तिने लाल फूल आणि टाचणी पुढे केली आणि छाती ताठ करून बसली, लहान मुलगी वेणी घालून घ्यायला बसते तशी. "लगाओ."

रत्नप्रभाने फूल घेतलं. निळं कापड चिमटीत धरलं. टाचणी कापडाला टेकली आणि तिथेच थांबली. सांगायचं की नाही, हे अजून ठरलेलंच नव्हतं. हाताने मात्र ठरवलं होतं. तो पुढे जाईना.

"दीदी?"

रत्नप्रभाने लाल फूल पाटावर ठेवलं.

थोआने एकदा फुलाकडे पाहिलं, एकदा तिच्या तोंडाकडे. हसू कुठल्या कुठे गेलं.

"कब?"

"आज. सुबह-सुबह."

"किसने बोला?"

"भाचीने. तुला सांगू नको म्हणाली. माफ कर बाई, मला नाही जमलं." हिंदी सुटून ती मराठीतच बोलून गेली, आणि थोआला सगळं कळलं.

थोआ रडली नाही. नेलपेंटची बाटली मुठीत आवळून ती वातींच्या ढिगाकडे बघत राहिली. "मिट्टी कब?"

"परसों सुबह."

"उससे पहले पहुँची तो... हाथ देख सकती हूँ? ये लगा सकती हूँ?"

"हाँ. आज निकली तो."

थोआने स्वतःच पांढरं फूल उचलून तिच्या हातात दिलं. ते रत्नप्रभासाठी केलेलं होतं. या वेळी टाचणी निळ्या कापडातून आरपार गेली. मग मात्र थोआने कपाळ तिच्या खांद्याला टेकवलं, आणि रत्नप्रभा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

वाती तशाच ठेवून ती उठली. देवीदासांनी न सांगता गाडीची किल्ली पुढे केली. समैस्माला जमलेल्या बायकांना येत नाही असा फोन वाटेतून करता येईल. आधी नजमा भागातल्या ट्रॅव्हल एजंटकडे जायचं होतं, मंगळवारचं तिकीट आजचं करून घ्यायला.